फरशीखालचे पाणी काळे होते ते हवेमुळे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या घरगुती पुरवणीत फ्लोअर हीटिंगबद्दल, म्हणजे फरशीखालच्या पाइपांतून कोमट पाणी फिरवून घर उबदार ठेवण्याच्या सोयीबद्दल, आलेले उत्तर वाचले. ‘मॅनिफोल्डमधून काळे पाणी येते, काय करावे?’ असा प्रश्न होता. (मॅनिफोल्ड म्हणजे फरशीतले सगळे पाइप जिथून फुटतात आणि जिथे परत येऊन मिळतात तो जोड.) ‘फरशीखालचे पाइप आतून खराब झाले असावेत, दर वर्षी थंडी संपली की सगळे पाणी काढून टाकावे आणि पुढच्या थंडीत नवे भरावे,’ असे उत्तर दिले गेले. कूलरच्या टाकीला हा न्याय ठीक आहे. फ्लोअर हीटिंगला लावला, तर आज जे पाणी नुसते काळपट आहे, त्याचा दोन-चार वर्षांत पंप अडकवणारा गाळ होईल. ग्वाल्हेरच्या नव्या बंगल्यांत हीट पंपावर (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या विजेच्या यंत्रावर) चालणारी अशी हीटिंग आता बसू लागली आहे. आपल्याकडे ती वर्षातून जेमतेम अडीच-तीन महिने चालते आणि उरलेला काळ नुसती उभी असते. त्यामुळे हा सल्ला इथे जास्तच नुकसान करील, म्हणून सविस्तर लिहीत आहे. (फरशीखाली विजेची केबल असलेल्या हीटिंगशी या पत्राचा संबंध नाही, तिच्यात पाणीच नसते.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. फरशीखाली पेक्स किंवा पीई-आरटीचा पाइप असतो, म्हणजे प्लास्टिक. त्याला गंज चढत नाही. काळी पूड ही लोखंडाची असते, तेव्हा ती जिथे लोखंड आहे तिथूनच आली असणार. पाणी काळे दिसले म्हणून फरशी फोडायला सांगणाऱ्या माणसाला आधी हा प्रश्न विचारावा. लोखंड बहुधा मशीनच्या बाजूला सापडते: हीट पंपाजवळची एमएसची (साध्या पोलादाची) बफर टाकी, म्हणजे गरम पाण्याचा साठा ठेवणारी टाकी, पाणी फिरवणाऱ्या पंपाची बिडाची बॉडी, बाथरूममधला साध्या स्टीलचा टॉवेल-रेल, नाहीतर प्लंबरने सवयीने बसवलेले जीआयचे निपल आणि एल्बो. फ्रिजवर लावायचे चुंबक घेऊन मॅनिफोल्डपासून हीट पंपापर्यंत एकेका भागाला लावून पाहा. पितळ आणि ३०४ प्रतीचे स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही. जिथे चिकटेल तिथे संशयित सापडला.

पाण्याचा रंग वाचायचा तर नमुना नीट घ्यायला हवा. हीटिंग चालू असताना मॅनिफोल्डच्या रिटर्न हेडरच्या (फरशीतून परत येणारे पाणी गोळा करणाऱ्या आडव्या नळीच्या) ड्रेन नळातून पहिले अर्धा लिटर पाणी बादलीत सोडून द्यावे, कारण नळाच्या तोंडाशी साचलेला गाळ त्यात येतो आणि चित्र आहे त्याहून भयंकर दिसते. मग काचेची स्वच्छ बरणी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे. रंग तिथल्या तिथे पाहावा. बरणी उघडी राहिली तर पाण्यात विरघळलेले लोह हवेने ऑक्सिडाइझ होते आणि स्वच्छ आलेले पाणीही काही तासांत पिवळे-तांबूस होते. लोक मग भलताच निष्कर्ष काढतात. बरणी दिवसभर हलवू नये. तळाशी काळी पूड बसली आणि बाहेरून चुंबक फिरवल्यावर ती चुंबकाबरोबर सरकली, तर ते मॅग्नेटाइट. लोखंडाला प्राणवायू मिळतो पण अपुरा मिळतो, तेव्हा ते तयार होते. पूड तांबूस-तपकिरी असेल तर तो नेहमीचा गंज, म्हणजे प्राणवायू भरपूर आणि ताजा मिळतो आहे. काळ्यापेक्षा तांबड्या पाण्याची काळजी जास्त करावी. काळी घाण चुंबकाला दाद देत नसेल आणि बोटाला बुळबुळीत लागत असेल, तर ते जिवाणूंचे थर असतात. सडक्या अंड्याचा वास आला तर शंकाच नको. हिरवट-निळे पाणी म्हणजे तांब्याचा झिजलेला अंश, किंवा भरलेल्या रसायनातला रंग. दुधाळ पाणी ग्लासात खालून वर निवळत गेले तर ते नुसते हवेचे बुडबुडे. आणि फिकट पिवळसर, किंचित कुबट वासाचे पण आरपार दिसणारे पाणी असेल तर त्याला हात लावू नये. त्यातला प्राणवायू केव्हाच संपलेला आहे. बंद सर्किटमध्ये असेच पाणी हवे असते.

आता दर वर्षी पाणी बदलण्याचा हिशेब मांडू. १०० चौरस मीटर, म्हणजे साधारण १,०७५ चौरस फूट फरशीत १५ सेंटिमीटर अंतराने पाइप टाकला तर तो सुमारे ६७० मीटर लागतो. १६ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि २ मिलिमीटर जाडीच्या पाइपात मीटरला ०.११३ लिटर पाणी मावते, म्हणजे एकूण ७६ लिटर. १०० लिटरची बफर टाकी आणि जोडपाइप धरून १८० लिटर म्हणू. नळाच्या गार पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळलेला असतो. तेव्हा साऱ्या पाण्यात मिळून १.६ ग्रॅम. एवढा प्राणवायू सुमारे सव्वाचार ग्रॅम लोखंड खातो, त्याचे सहा ग्रॅमच्या आत-बाहेर मॅग्नेटाइट होते आणि तिथे गोष्ट थांबते. पहिल्या भरणीनंतर पाणी थोडे काळवंडते ते एवढ्यामुळेच.

हवेचे गणित मात्र वेगळे आहे. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, म्हणजे तीस लिटर पाण्यात असतो तितका. पाणी काढून पुन्हा भरताना लूपमध्ये (फरशीतल्या पाइपाच्या एकेका वेढ्यात) आणि टाकीच्या माथ्याशी दहा लिटर हवा अडकून राहिली, तर तिच्यातूनच २.८ ग्रॅम प्राणवायू येतो. सगळ्या नव्या पाण्यातल्यापेक्षा जास्त. आणि मार्चमध्ये रिकामी केलेली एमएसची टाकी आठ महिने आतून ओली आणि हवेला उघडी राहिली, तर गंजाला मोकळे रानच मिळते. शिवाय पाण्याबरोबर त्यातले गंजरोधक रसायनही गटारात जाते. म्हणून पाणी बदलण्याआधी हवा कुठून येते ते शोधावे.

सर्वांत आधी एक्स्पान्शन टाकी पाहावी; बहुतेकांना ती कशासाठी असते हेच ठाऊक नसते. १८० लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांवर गेले की सव्वा लिटरच्या आसपास फुगते. हे जास्तीचे पाणी टाकीतल्या रबरी पडद्याच्या एका बाजूला जाते, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा असते. पाणी गार झाले की ती हवा ते परत ढकलते. हवेच्या बाजूला सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन दाबल्यावर पाणी आले तर पडदा फाटला आहे, टाकी बदलावी. हवा आली तर दाब मोजावा, पण टाकीच्या बाजूचे पाणी सोडून तिथला पाण्याचा दाब शून्यावर आणल्यावरच. पाण्याचा दाब असताना गेज तोच दाब दाखवतो आणि फसगत होते. टाकीपासून सर्वांत वरचा लूप ५ मीटर उंच असेल तर उंचीचे ०.५ बार आणि वर ०.३ बार, असा ०.८ बार, म्हणजे टायरच्या गेजवर १२ पीएसआयच्या जवळपास दाब हवा. मग गार पाणी १.२ बारला भरावे. काही टाक्या कारखान्यातून १.५ बार भरून येतात. तशीच बसवून पाणी १.२ बारला भरले, तर टाकीत पाण्याचा थेंबही शिरत नाही. रात्री पाणी आकसले की परत ढकलायला टाकीत काही नसते, वरच्या भागात दाब वातावरणाच्याही खाली जातो आणि स्वयंचलित एअर व्हेंट हवा बाहेर सोडण्याऐवजी आत ओढतो. अशी रोज अर्धा लिटर हवा ओढली गेली, तर ऐंशी दिवसांत सुमारे ११ ग्रॅम प्राणवायू म्हणजे चाळीस ग्रॅम काळी पूड. पाणी कितीही वेळा बदला, ती होतच राहणार.

टाकी जोडली कुठे आहे हेही पाहावे. ती पंपाच्या आधी, ओढणाऱ्या बाजूला हवी. पंपाच्या पुढे जोडली की पंप सुरू होताच मागच्या बाजूचा दाब घसरतो, आणि तिथल्या सैल ग्लँडमधून (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून) किंवा व्हेंटमधून हवा येते. पाणी ठिबकत नाही, म्हणून हा दोष कोणाच्या लक्षात येत नाही.

एक चूक खास आपल्याकडची. सोलर गीझर बसवणाऱ्या कारागिराला फ्लोअर हीटिंगचे काम दिले की तो सवयीने गच्चीवर छोटी पीव्हीसीची टाकी ठेवतो आणि तिला फ्लोट व्हॉल्व्ह लावून सर्किट तिथे उघडे सोडतो. सोलरला ते चालते, कारण ते पाणी आंघोळीला जाते आणि रोज नवे येते. इथे त्या टाकीतून पाणी वरखाली होते, प्राणवायू विरघळवून आणते, आणि फ्लोट गळती लपवतो. अशी टाकी काढून बंद एक्स्पान्शन टाकी, गेज आणि ३ बारचा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवावा. हेच पाणी आंघोळीच्या नळालाही जोडलेले असेल तर ते ताबडतोब तोडावे. कोमट, साचलेल्या पाण्यात लेजिओनेलासारखे न्यूमोनिया घडवणारे जिवाणू वाढतात.

पाणी भरायची नळी कायमची जोडून ठेवणे हाही त्यातलाच प्रकार. दाब उतरला की आपोआप पाणी येते, घरच्यांना वाटते सगळे ठीक आहे. नळी काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा गेज पाहावे. महिन्याभरात १.५ बारवरून १ बारवर आले तर कुठेतरी गळते आहे, किंवा टाकीतली हवा कमी झाली आहे. मॅनिफोल्डच्या नटांभोवती पांढरा-हिरवट थर दिसला तर गळती तिथेच.

एवढे सगळे ठीक असूनही पाणी पुन्हा पुन्हा तांबूस होत असेल, तर पाइपच तपासायला हवा. गंजासाठी नव्हे, प्राणवायूसाठी. साध्या प्लास्टिकच्या भिंतीतून प्राणवायू आत झिरपतो, बाहेर पाण्याचा थेंबही न दिसता. म्हणून हीटिंगच्या पाइपाला ईव्हीओएच या प्राणवायू अडवणाऱ्या प्लास्टिकचा पातळ थर असतो, किंवा मध्ये ॲल्युमिनियमची पट्टी असते. मॅनिफोल्डजवळ पाइप उघडा दिसतो, तिथे छापील अक्षरे वाचावीत: ईव्हीओएच, ऑक्सिजन बॅरियर किंवा डीआयएन ४७२६ यांपैकी काही असायला हवे. त्या जर्मन मानकानुसार ४० अंशांवर पाइपाच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे दिवसाला ०.३२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त प्राणवायू झिरपता कामा नये. थंड-गरम नळांसाठीचा साधा पेक्स किंवा पीपीआर फरशीत टाकला गेला असेल तर झिरपणे त्या मर्यादेत राहत नाही. तरीही फरशी फोडू नये. हीट पंप आणि फरशी यांच्यामध्ये स्टेनलेसचा प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन्ही बाजूंचे पाणी मिसळू न देता उष्णता पलीकडे देणारा भाग) घालावा. फरशीच्या बाजूला फक्त पितळ, स्टेनलेस आणि ब्राँझ बॉडीचा पंप ठेवावा. प्राणवायू येत राहील, पण खायला लोखंड मिळणार नाही. त्या बाजूला स्वतःची वेगळी एक्स्पान्शन टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो, हे मात्र विसरू नये.

साचलेली घाण धुऊन काढणे आवश्यक असते तेव्हा ते एकदाच, पण नीट करावे. मॅनिफोल्डवरच्या फ्लोमीटरच्या (प्रत्येक लूपमधला प्रवाह दाखवणाऱ्या मापकाच्या) काचा काळ्या पडल्या आहेत, आतला दर्शक हलत नाही, एखादी खोली गारच राहते किंवा पंप गुरगुरतो, ही त्याची वेळ. नव्या पंपांच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असते, मॅग्नेटाइट तिथेच जाऊन चिकटते; म्हणून सगळ्यात आधी पंप अडकतो.

गच्चीवरच्या टाकीच्या दाबाने लूप धुतला जात नाही. ६ मीटर उंचीला ०.६ बार मिळतो. १०० मीटरच्या लूपमधून सेकंदाला १ मीटर वेगाने पाणी न्यायचे, म्हणजे मिनिटाला जवळपास ७ लिटर, तर नुसत्या पाइपाच्या घर्षणात सव्वा बारच्या आसपास जातो. कमी वेगाने पाणी स्वच्छ निघते आणि गाळ मागेच राहतो. १०० लिटरचा ड्रम आणि छोटा पंप घ्यावा, पंपावर गेज लावावे आणि अडीच बारच्या वर जाऊ नये. हीट पंपाचा मेन स्विच बंद करावा. मॅनिफोल्डचे दोन्ही मुख्य बॉल व्हॉल्व्ह बंद करावेत, नाहीतर पाणी सोपी वाट धरून मशीनकडे जाते. फ्लोमीटरचे आताचे आकडे पेन्सिलीने लिहून ठेवावेत, कारण पुढे प्रत्येक खोलीचा तोल त्याच आकड्यांवर परत आणायचा असतो. सप्लाय हेडरच्या नळातून पाणी आत, रिटर्न हेडरच्या नळातून बाहेर; दिशा उलटी करू नये. एक लूप पूर्ण उघडावा, बाकीचे बंद ठेवावेत. लूपवरचा ॲक्च्युएटर (झडप विजेने उघडबंद करणारा भाग) फिरवून काढावा; वीज नसताना बंद राहणाऱ्या प्रकारचा तो असेल तर खालची झडप बंदच असते आणि लूप चोंदला आहे असा समज होतो. एका लूपमध्ये अकरा लिटर पाणी असते, ते दीड-दोन मिनिटांत बदलते. पण दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावे आणि मध्ये दोन-तीनदा नळ झटक्याने बंद-चालू करावा, म्हणजे तळाला बसलेली पूड उचलली जाते. बफर टाकी वेगळी, तिच्या तळाच्या नळातून धुवावी. सगळ्यात जास्त गाळ तिथेच निघतो.

बाथरूम धुण्याचे ॲसिड यात कदापि घालू नये. हीटिंगसाठीचे क्लीनर मिळते, ते लेबलवरच्या मात्रेत, सांगितलेला वेळच फिरवून पूर्ण धुऊन काढावे. राहिलेले क्लीनर पुढच्या गंजरोधकाला निकामी करते. शेवटी रिटर्नवर, हीट पंपाच्या आधी, चुंबकीय फिल्टर बसवावा. पहिल्या महिन्यात तो आठवड्याला एकदा साफ करावा, पुढे हंगामातून दोनदा पुरे.

पुन्हा भरायला कोणते पाणी? तिघरा धरणाचे, मोतीझीलच्या जलशुद्धीकरण केंद्राहून येणारे पाणी बोअरच्या मानाने मऊ असते. बोअरचे शक्यतो नको. लिटरला ४०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या १८० लिटर पाण्यात ७२ ग्रॅम चुना असतो. एका भरणीला काही बिघडत नाही, वरचेवर भरत राहिलात तर तो हीट एक्स्चेंजरच्या प्लेटांवर बसतो. घरच्या आरओचे पाणी चालते, पण तासाला दहा-पंधरा लिटरच मिळते, त्यामुळे आदल्या दिवसापासून झाकणाच्या ड्रममध्ये साठवावे लागते. गंजरोधक घालताना एकूण लिटर माहीत हवेत, म्हणून वरचा हिशेब घरोघर करावा. पंधरा दिवसांनी पीएच पाहावा: जर्मनीच्या व्हीडीआय २०३५ मार्गदर्शिकेप्रमाणे तो ८.२ ते १० हवा, आणि सर्किटमध्ये ॲल्युमिनियम असेल तर ९ च्या वर नको.

ग्वाल्हेरात घरातल्या फरशीला अँटिफ्रीझची (पाणी गोठू न देणाऱ्या द्रवाची) गरज नाही. ‘थोडेसे घालून ठेवा’ हा सल्ला तर सर्वांत वाईट. वीस-पंचवीस टक्क्यांच्या खाली अँटिफ्रीझमधले ग्लायकॉल जिवाणूंना मारत नाही, उलट त्यांचे अन्न होते, आणि पाणी आंबट वासाचे व तपकिरी होते. फरशीतले ३५-४० अंशांचे पाणी आधीच त्यांना मानवते. त्यात आपला ४५ अंशांचा उन्हाळा आणि आठ महिने न हललेले पाणी. बुळबुळीत घाण सापडली असेल तर गंजरोधकाबरोबर हीटिंगसाठीचे जिवाणूनाशकही घालावे. ब्लीच नको, ते स्टेनलेसला खाते.

मार्चमध्ये बंद करताना पाणी काढू नये. दाब १.२ बारवर ठेवावा, हीट पंप बंद करावा, पण फिरवणाऱ्या पंपाला वीज राहू द्यावी आणि सगळे लूप उघडे ठेवून महिन्यातून एकदा तो दहा मिनिटे चालवावा. काही कंट्रोलरमध्ये ही सोय असते. नसल्यास विजेचे बिल भरायच्या तारखेला आठवण ठेवावी. दिवाळीनंतर सुरू करण्याआधी एक्स्पान्शन टाकीतला हवेचा दाब पुन्हा मोजावा. वर्षात तो थोडा उतरलेला असतो, आणि सायकलच्या पंपाने भरता येतो.

आणि धुताना निघालेले काळे पाणी अंगणात किंवा कोटा फरशीवर सांडू देऊ नये. डाग दगडात मुरला की घासून निघत नाही. नळीचे टोक थेट मलवाहिनीच्या चेंबरमध्ये सोडावे. रसायन मिसळलेले पाणी पावसाच्या नाल्यात किंवा झाडांना नको. पुरवणीतल्या उत्तराची दुरुस्ती थंडी संपण्याआधी छापावी, ही विनंती.

आपला,
हीटिंगच्या कामातील एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर